मंडळाच्या सहलीत फोर्ट रॉबिन्सनला एक दिवस द्या

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, सहल समित्या आणि मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सहलींची आखणी आता मंडळामंडळांत सुरू होईल. कोलोरॅडो आणि मध्य-पश्चिमेकडच्या मंडळांची एक वाट ठरलेली आहे. माउंट रशमोर, बॅडलँड्स, रॅपिड सिटीत मुक्काम, जमलं तर डेव्हिल्स टॉवर, आणि परतताना क्रेझी हॉर्सचा डोंगर. १९४८ पासून कोरला जात असलेल्या आणि अजून पूर्ण न झालेल्या त्या डोंगरासमोर आपण सगळे फोटो काढतो. पण इथल्या मूळ रहिवाशांपैकी लाकोटा लोकांच्या ज्या नायकासाठी तो डोंगर कोरला जातो आहे, तो जिथे मारला गेला ती जागा तिथून दक्षिणेला गाडीने दीड-दोन तासांवर आहे. नेब्रास्काच्या वायव्य कोपऱ्यात, क्रॉफर्ड या छोट्या गावाच्या पश्चिमेला तीन मैलांवर, व्हाइट नदीच्या काठी. तिचं नाव फोर्ट रॉबिन्सन. मंडळाची बस तिथे वळावी, तिथे पुरता एक दिवस द्यावा आणि निघण्याआधी मुलांना तिथला इतिहास मराठीतून सांगितला जावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज, दिंडी दरवाजा, चोरवाट असं येतं. आपली मुलं इथल्या परसात दिवाळीला जो मातीचा किल्ला करतात, त्यालाही तट असतोच. फोर्ट रॉबिन्सनला तट कधीच नव्हता. कवायतीचं मोकळं मैदान, भोवती बराकी, एका बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची रांग, पलीकडे घोड्यांचे तबेले आणि मागे पाइन रिजचे फिकट कडे. मैदानी मुलखातली घोडदळाची बहुतेक ठाणी अशीच होती. शत्रू चालून येईल अशी धास्ती तिथल्या फौजेला फारशी नव्हती. बाहेर पडून पाठलाग करणं हे तिचं काम. त्यासाठी घोडा लागे. आणि पाठलाग करायची वेळच येऊ नये, यासाठी शिधा हाती असावा लागे. घोड्यांबद्दल तिथे गेल्यावर पुष्कळ ऐकायला मिळतं. मला शिध्याबद्दल सांगायचं आहे, कारण माझ्या मते या ठाण्याचा इतिहास शिध्यापासून सुरू केला तरच समजतो.

१८६८ च्या फोर्ट लारामी तहाने अमेरिकन सरकारने ब्लॅक हिल्ससह मोठा प्रदेश लाकोटांचा म्हणून मान्य केला आणि त्यांना ठरावीक शिधा द्यायचं कबूल केलं. हा शिधा म्हणजे दान नव्हतं. ज्या मुलखावरचा हक्क लाकोटांनी सोडला, त्याचा तो मोबदला होता. कातड्यांसाठी चाललेल्या शिकारीने मैदानातले गव्यांचे कळप झपाट्याने संपत होते आणि पोट त्या शिध्यावरच येऊन ठेपलं होतं. रेड क्लाउड या ओग्लाला (लाकोटांचीच एक शाखा) नायकाच्या नावाने चाललेलं शिधावाटपाचं केंद्र १८७३ मध्ये व्हाइट नदीच्या काठी आलं. तिथे तेरा हजारांच्या आसपास लाकोटा, शायेन आणि अरापाहो लोक गोमांस, पीठ, कॉफी, साखर घ्यायला जमत. सरकारी अधिकाऱ्याला त्यांची शिरगणती हवी होती आणि उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांना ती नको होती. फेब्रुवारी १८७४ मध्ये केंद्रावरचा हंगामी अधिकारी मारला गेला. त्याच सुमारास लारामी शिखराजवळ लाकूडफाट्याच्या गाड्यांबरोबर गेलेला लेफ्टनंट लेव्ही रॉबिन्सन मारला गेला. मार्चमध्ये फोर्ट लारामीहून फौज निघाली, केंद्राशेजारी छावणी पडली आणि तिला त्या लेफ्टनंटचं नाव मिळालं. पुढे १८७८ मध्ये छावणीचा फोर्ट झाला. म्हणजे हे ठाणं उभं राहिलं तेच धान्याच्या कोठारावर पहारा द्यायला.

त्या कोठारातल्या मालाची एक हकिगत मुलांना जरूर सांगा. १८७४ मध्ये येल विद्यापीठाचे प्राध्यापक ओथनिएल मार्श जीवाश्म शोधायला या भागात आले. रेड क्लाउडने त्यांना आपल्या लोकांना मिळणारं पीठ, कॉफी, तंबाखू दाखवलं आणि नमुने बरोबर दिले. माल खराब होता. मार्श यांनी ते नमुने थेट वॉशिंग्टनला नेले, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला आणि १८७५ मध्ये चौकशी बसली. हाडं शोधायला आलेल्या माणसाने जिवंत माणसांच्या पोटाची तक्रार राजधानीपर्यंत नेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच वर्षी, १८७४ मध्ये, कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोनं असल्याची बातमी बाहेर आणली. तहाप्रमाणे खाणवाल्यांना तिथे पाऊल टाकायची मुभा नव्हती, तरी ते हजारोंनी घुसले. सप्टेंबर १८७५ मध्ये सरकारी आयोगाने व्हाइट नदीच्या काठी मोठी सभा भरवून डोंगर विकत घेण्याची बोली लावली, साठ लाख डॉलर. लाकोटांनी ती नाकारली. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टर आणि त्याची तुकडी मारली गेली. त्यानंतर ऑगस्टमध्ये अमेरिकन काँग्रेसने ठरवलं की ब्लॅक हिल्स सोडून दिल्याशिवाय शिधा नाही. सप्टेंबरमध्ये हा कागद घेऊन नवा आयोग रेड क्लाउड केंद्रावर आला. १८६८ च्या तहात स्पष्ट लिहिलं होतं की जमीन द्यायची तर प्रौढ पुरुषांपैकी तीन-चतुर्थांशांची सही हवी. सह्या मिळाल्या दहा टक्क्यांच्या आसपास. फेब्रुवारी १८७७ मध्ये काँग्रेसने तेवढ्यावर डोंगर घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन योग्य मोबदल्याविना घेतली गेल्याचं मान्य केलं आणि व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा कायम ठेवला. लाकोटांनी ते पैसे आजवर उचललेले नाहीत. रक्कम खात्यात वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे आणि त्यांचं म्हणणं तेच आहे, डोंगर परत द्या. माउंट रशमोरच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आपल्या मुलांना हे कळायला हवं. ते चार चेहरे याच डोंगरांत कोरले आहेत.

आता क्रेझी हॉर्स. कुठल्याही तहावर त्याने कधी सही केली नव्हती. मे १८७७ मध्ये, भुकेने आणि सततच्या पाठलागाने थकलेली सुमारे नऊशे माणसं घेऊन तो कॅम्प रॉबिन्सनला आला. घोडे दिले, बंदुका दिल्या. उन्हाळाभर तो ठाण्याजवळ राहिला आणि त्याच्याभोवती अफवा, मत्सर, संशय वाढत गेले. त्यात सैन्यातले लोक होते तसे त्याच्याच जमातीतलेही होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो स्पॉटेड टेल या दुसऱ्या शिधाकेंद्राकडे गेला. अधिकाऱ्यांसमोर म्हणणं मांडता येईल या आश्वासनावर ५ सप्टेंबरला त्याला परत आणलं गेलं. ठाण्यावर पोचल्यावर कुणी त्याचं ऐकून घेतलं नाही. त्याला कोठडीकडे नेण्यात आलं. आतल्या सळ्या दिसताच तो मागे वळला, सुरा काढला, त्याचाच जुना साथी लिटल बिग मॅन याने त्याला धरलं आणि पहारेकऱ्याची संगीन त्याच्या कुशीत गेली. शेजारच्या कचेरीत, खाट नाकारून जमिनीवर, त्याच रात्री तो गेला. आईवडिलांनी देह नेला आणि कुठे ठेवला ते कुणाला कळू दिलं नाही. ती कोठडी आणि ती कचेरी मूळ जागांवर लाकडी ओंडक्यांनी पुन्हा बांधलेली आहेत. आत जाता येतं. मुलं दाराशी उभी राहिली की हे सगळं सांगायला फार शब्द लागत नाहीत.

तिथून थोड्या अंतरावर एका बराकीची जागा आहे. मंडळाच्या सहलीतला सगळ्यात जास्त वेळ तिथे द्यावा असं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

उत्तरेकडच्या शायेन लोकांची ही गोष्ट. नोव्हेंबर १८७६ मध्ये कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळाने डल नाइफ या वृद्ध नायकाचं गाव पहाटे गाठलं आणि तंबू, कातडी, हिवाळ्याची साठवण सगळं जाळलं. पुढच्या रात्री थंडीने अकरा तान्ही मुलं गेली. १८७७ च्या वसंतात डल नाइफचे लोक कॅम्प रॉबिन्सनला शरण आले. तिथून त्यांना शेकडो मैल दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, धाडण्यात आलं. थंड, कोरड्या डोंगराळ मुलखातली ही माणसं तिथल्या उष्म्यात हिवतापाने आणि गोवराने मरू लागली. शिधा अपुरा होता. सप्टेंबर १८७८ मध्ये साडेतीनशेच्या वर माणसं डल नाइफ आणि लिटल वुल्फ यांच्या मागे घरी जायला निघाली. लढू शकणारे पुरुष शंभरापेक्षा कमी, बाकी बायका, मुलं, म्हातारे. अनेक तुकड्या मागावर असूनही त्यांनी कॅन्सस आणि नेब्रास्का पार केलं. या वाटेवर त्यांच्यातल्या तरुणांनी कॅन्ससमध्ये चाळीसेक वसाहतकऱ्यांना मारलं, हेही मुलांपासून लपवू नये. त्या घरांतही रडणं झालं.

नेब्रास्कात दोन गट पडले. लिटल वुल्फ उत्तरेला गेला. डल नाइफला आपल्या लाकोटा सोयऱ्यांकडे, रेड क्लाउडकडे जायचं होतं. ते केंद्र सरकारने दुसरीकडे हलवलं आहे, हे त्याच्या लोकांना ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरमध्ये बर्फाच्या वादळात तिसऱ्या घोडदळाने त्यांना गाठलं आणि फोर्ट रॉबिन्सनला आणलं. १४९ माणसांना एका बराकीत ठेवलं. सुरुवातीला त्यांना ठाण्यात मोकळं फिरता येई, रात्री सगळे परत आले म्हणजे झालं. सैनिक त्यांच्या नाचगाण्यांना येत. हे वाचताना मी दरवेळी थांबते, कारण पुढे काय झालं ते माहीत असतं.

३ जानेवारी १८७९ ला त्यांना दक्षिणेला परत जायचा हुकूम ऐकवला गेला. डल नाइफने सांगितलं की इथेच मरू, पण तिकडे जाणार नाही. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन हेन्री वेसेल्स याने शिधा बंद केला, जळण बंद केलं, शेवटी पाणीही बंद केलं. मुलांना बाहेर पाठवा, त्यांना जेवू घालतो, असं त्याने सांगून पाहिलं. आयांनी मुलं दिली नाहीत. शून्याखालच्या थंडीत ही माणसं खिडक्यांवर जमलेला बर्फाचा थर खरवडून तोंडात घालत होती. अमेरिकन लष्कराच्या नियमाप्रमाणे त्या काळी घोडदळाच्या एका घोड्याला रोज बारा पौंड धान्याची चंदी आणि चौदा पौंड गवत ठरलेलं होतं. हे दोन आकडे मी माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवते आणि शेजारी बराकीतल्या माणसांसाठी शून्य लिहिते.

शरण येताना त्यांनी काही बंदुका लपवल्या होत्या. सुटे भाग बायकांच्या कपड्यांत आणि मुलांच्या गळ्यात दागिन्यांसारखे अडकवून आत नेले, असं शायेन घराण्यांत सांगतात. ९ जानेवारीच्या रात्री दहाच्या सुमारास खिडक्यांमधून गोळ्या सुटल्या, पहारेकरी पडले आणि माणसं बर्फात उड्या टाकून धावत सुटली. नदीपाशी पोचल्यावर त्यातली बरीच जण थांबली. दिवसांची तहान होती. पाणी प्यायला वाकलेली असताना मागून गोळ्या येत होत्या. जी वाचली ती मागच्या कड्यांवर चढली. घोडदळाने पुढचे जवळजवळ दोन आठवडे त्यांचा माग काढला. २२ जानेवारीला अँटिलोप क्रीकजवळच्या एका खळग्यात ३२ जणांना चार तुकड्यांनी वेढलं आणि तिथे हा पाठलाग संपला. एकूण ६४ शायेन आणि ११ सैनिक मेले. डल नाइफ, त्याची बायको आणि काही कुटुंबीय कड्यांत लपत, रात्री चालत अठरा दिवसांनी पाइन रिज याच नावाच्या लाकोटांच्या राखीव वसाहतीत पोचले.

मेलेल्यांना ठाण्याजवळ पुरलं होतं. त्यातल्या काहींच्या कवट्या आणि अस्थी अभ्यासाच्या नावाखाली उकरून पूर्वेकडच्या संग्रहालयांत नेल्या. १९९० मध्ये अशा अस्थी परत करण्याचा कायदा झाला, आणि १९९३ मध्ये उत्तर शायेन जमातीने आपल्या पूर्वजांना माघारी आणून मोंटानातल्या बस्बी गावी पुरलं. कॅन्ससमधल्या खुनांसाठी काही शायेन पुरुषांवर खटला भरला होता, तोही पुराव्याअभावी १८७९ मध्येच बारगळला. १८८४ मध्ये उत्तर शायेन लोकांना मोंटानात टंग नदीजवळ स्वतःची भूमी मिळाली. आज दर जानेवारीत शायेन तरुण फोर्ट रॉबिन्सनहून निघून सुमारे चारशे मैल धावत मोंटानात घरी पोचतात. त्या दिवसांत मंडळाने तिकडे सहल नेऊ नये. तो त्यांचा त्यांच्या माणसांसाठीचा विधी आहे. आपण प्रेक्षक म्हणून कॅमेरे घेऊन उभं राहायची ती जागा नाही.

या ठाण्याचं दुसरं एक प्रकरण आपल्या मुलांना वेगळ्या कारणाने जवळचं वाटेल. १८८५ पासून इथे नववं घोडदळ आलं. त्यातले शिपाई कृष्णवर्णीय, अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. या शिपायांपैकी कित्येकजण गुलामगिरीत जन्मलेले होते. १८९० च्या डिसेंबरात पाइन रिजवर तणाव वाढला तेव्हा त्यांना तिकडे नेलं. वुंडेड नी इथे २९ डिसेंबरला लाकोटांची कत्तल झाली ती सातव्या घोडदळाकडून. नववं तिथे नव्हतं. ते एका दिवसरात्रीत शंभराच्या आसपास मैलांची दौड करून आलं आणि ३० डिसेंबरला ड्रेक्सेल मिशन या ख्रिस्ती मिशनजवळ कोंडीत सापडलेल्या सातव्याला त्यानेच सोडवलं. नंतर बाकीच्या तुकड्या परतल्या तरी नवव्याला हिवाळाभर तंबूंतच ठेवलं गेलं. स्वतः हक्कांसाठी झगडणारी माणसं दुसऱ्यांचे हक्क काढून घेणाऱ्या मोहिमेत होती. याचा निकाल मुलांपुढे लावून टाकण्याची घाई शिक्षकांनी करू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलांना असे प्रश्न पेलतात, आणि ती त्यांवर आपल्यापेक्षा जास्त मोकळेपणाने बोलतात.

दोन नावं मात्र त्यांना द्या. हेन्री प्लमर हे नियमित सैन्यातले पहिले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. फोर्ट रॉबिन्सनवर असताना १८९४ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना बडतर्फ केलं आणि २००५ मध्ये सैन्याने त्यांची सेवामुक्ती सन्मानाची केली. चार्ल्स यंग हे वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे तिसरे कृष्णवर्णीय पदवीधर, १८८९ चे. त्यांची सुरुवातीची नेमणूक इथेच होती. त्यांना २०२२ मध्ये मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं. उशिराचा न्याय कसा दिसतो आणि कुणाच्या वाट्याला तोही येत नाही, हे त्या आवारात एकाच दुपारी पाहता येतं.

पुढचा काळ मी भराभर सांगते. १८८६ मध्ये रेल्वे आली आणि त्यामुळे जुनं फोर्ट लारामी मागे पडलं, हे वाढलं. १८८७ ची मातीच्या विटांची अधिकारी-घरं अजून उभी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर ही सैन्याची घोड्यांची मोठी पागा झाली. निवडक घोडे, नालबंद, पशुवैद्य यांचं गावच. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ऑलिंपिक घोडेस्वारांचा सराव इथे झाला. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी कुत्रे तयार झाले आणि जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती. १९४८ मध्ये सैन्य गेलं, मग गुरांचं संशोधन केंद्र, आणि आता हे राज्याचं उद्यान आहे, सुमारे बावीस हजार एकरांचं. १९६० पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. जुन्या मुख्य कचेरीत, १९०५ च्या इमारतीत, इतिहासाचं संग्रहालय आहे. शेजारच्या निसर्ग संग्रहालयात दोन मॅमथ आहेत, झुंजताना सुळे एकमेकांत अडकून जागीच मेलेले. लहान मुलं तिथून हलत नाहीत, त्यामुळे मोठ्यांना बराकीपाशी निवांत वेळ मिळतो.

मंडळांशी बोलताना दोन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात.

पहिला असा की हा परक्यांचा इतिहास, आपण आपले शिवरायांचे किल्ले शिकवावेत. ते शिकवूच, मीही शिकवते. पण डेन्व्हर आणि भोवतालचा मुलूख १८५१ च्या फोर्ट लारामी तहाप्रमाणे शायेन आणि अरापाहो यांचा होता. आपली घरं, आपली मराठी शाळा, गणपती बसतो ते सभागृह त्याच जमिनीवर आहे. आपली मुलं इथे जन्मली, ती इथलीच होणार. या जमिनीवर आपल्याआधी कोण होतं आणि ते का गेलं, हे त्यांना शाळेच्या पुस्तकातल्या दोन परिच्छेदांवर सोडून देऊ नये. आणि आईबाप जी गोष्ट आपल्या भाषेत सांगतात ती मुलांच्या मनात वेगळी बसते, यावरच तर आपल्या मराठी शाळा चालल्या आहेत.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं लहान मुलांना फार भयंकर आहे. आपण पाच-सहा वर्षांच्या मुलांना संभाजीमहाराजांचा शेवट सांगतो. १६८९ मध्ये त्यांचे कसे हाल झाले, ते झुकले कसे नाहीत, हे आपली मुलं श्वास रोखून ऐकतात आणि ऐकून मोठी होतात. डल नाइफच्या लोकांची गोष्ट तेवढ्याच धीराने सांगता येते आणि तितक्याच आदराने ऐकली जाते. माझ्या वर्गात ती ऐकल्यावर मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो आयांबद्दल: त्यांनी मुलांना बाहेर का नाही पाठवलं? त्यावर अर्धा तास चर्चा झाली.

म्हणून माझ्या मागण्या अशा. सहलीत फोर्ट रॉबिन्सनला एक पूर्ण दिवस असावा, वाटेवरचा अर्ध्या तासाचा थांबा नको. जेवण, घोडागाडी, जीपची फेरी हे सगळं तिथे मिळतं आणि मुलांनी त्याचा आनंद घ्यावा, पण कोठडी आणि बराक सकाळी आधी पाहावी. त्याच सहलीत पाइन रिजलाही जावं. ज्या ड्रेक्सेल मिशनचा उल्लेख वर केला, तिथेच त्या मिशनची पुढे झालेली शाळा आहे आणि तिथल्या स्मशानभूमीत १९०९ मध्ये वारलेल्या रेड क्लाउडची समाधी आहे. शाळेच्या हेरिटेज सेंटरमध्ये लाकोटा कलावंतांच्या वस्तू मिळतात. रॅपिड सिटीच्या दुकानांतली आयती खेळणी घेण्याऐवजी खरेदी तिथे करा. मेळाव्यांच्या वेशभूषा स्पर्धेतून पिसांचे टोप आणि ‘रेड इंडियन’ हा प्रकार कायमचा काढून टाका. मी हे गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. कुणाच्या मनात वाईट नसतं हे मला माहीत आहे, तरी ते थांबायला हवं. ज्यांच्या घरात तो टोप पराक्रमाने मिळवावा लागतो, त्यांची मुलंही याच देशातल्या शाळांत आपल्या मुलांच्या शेजारी बसतात.

आणि मराठी शाळांच्या शिक्षकांना एक विनंती. या विषयावर दोन तासिकांचा पाठ मी मराठीत तयार केला आहे, एक लहान मुलांसाठी आणि एक मोठ्यांसाठी, नकाशा आणि सनावळीसह. तो कुठल्याही शाळेने मोकळेपणाने वापरावा, आपल्या गावच्या जमिनीचा इतिहास त्यात जोडावा. शक्य असेल तिथे तो वर्गात नेण्याआधी जवळच्या विद्यापीठातल्या लाकोटा किंवा शायेन अभ्यासकाला दाखवावा. माझ्याकडून राहून गेलेलं त्यांना दिसेल.

व्यवस्थेबद्दल थोडं. १९०९ च्या शिपायांच्या बराकीत आता निवासाच्या खोल्या आहेत आणि अधिकाऱ्यांची जुनी घरं मोठ्या गटांना मिळतात. तीन-चार कुटुंबं एका घरात आरामात मावतात. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी जागा लवकर भरते, तेव्हा आरक्षण हिवाळ्यातच करून टाका. गाडीसाठी उद्यानाचा परवाना लागतो. रॅपिड सिटीहून येणाऱ्यांनी हॉट स्प्रिंग्जवरून दक्षिणेला शॅडरॉनपर्यंत यावं आणि तिथून २० क्रमांकाच्या महामार्गाने पश्चिमेला वळावं. डेन्व्हरची मंडळी सकाळी लवकर निघाली तर दुपारच्या जेवणाला पोचतात.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हे पत्र वाचलं जावं आणि होय किंवा नाही, काय ठरेल ते सभासदांना कळवावं.

आपली,
कोलोरॅडोतल्या एका मराठी शाळेतली शिक्षिका